मिठाच्या बर्फातलं रक्त

माझी सून माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. तिला पाहायला जायचा प्रश्नच नव्हता, लहानपणापासून ती माझ्याच घरात वावरलेली. आमच्यात मामाची मुलगी करतात. नाही केली तर भाऊ-बहिणीचं फाटलं की काय, असं लोक विचारतात. मुलाला तेवढी घाई नव्हती, भावालाही नव्हती. मला होती. लग्न मी जुळवलं, त्यात दुसऱ्या कोणाचा हात नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा वाटा किती ते कळेल.

पहिली मुलगी झाली. सहा महिन्यांची झाली तशी ती पांढरी पडायला लागली. दूध पिताना दमायची. आम्ही आधी देवळात गाऱ्हाणं घातलं, मग टॉनिकच्या बाटल्या संपवल्या, मग गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेली. तिथे तिला दुसऱ्याचं रक्त चढवलं आणि दोन तासांत पोरीच्या ओठांवर रंग आला. मला वाटलं, झालं, सुटलो. डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांनी परत आणा. पुढे कायम तीन आठवड्यांनी. ती तेरा वर्षं जगली. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

त्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांचं रक्त तपासलं आणि समजावून सांगितलं. शरीराला रक्त कसं बनवायचं हे सांगणारी एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी माणूस चालतो, फिरतो, म्हातारा होतो, त्याला पत्तासुद्धा लागत नाही. दोन्ही बिघडलेल्या आल्या की माझ्या नातीसारखं होतं. रोगाचं नाव थॅलेसेमिया. माझ्यात एक बिघडलेली प्रत निघाली. भावात एक निघाली. मुलात आणि सुनेतही एकेक. ती आमच्या आईकडून आली की बापाकडून, हे सांगायला दोघांपैकी कोणी उरलेलं नव्हतं. पण दोन घरांतून ती प्रत आणून एका पाटावर बसवली ती मी.

सून मला यावरून कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती मला आत्या म्हणायची, लग्नानंतरही तेच म्हणत राहिली. फक्त माझ्याकडे बघून बोलायची बंद झाली.

नात चार वर्षांची असताना सुनेला परत दिवस गेले. आमचा जिल्हा रत्नागिरीतून वेगळा होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. एका सकाळी मी बाजारात जायला पाटी उचलली तर ती दारात उभी.

"आत्ये, माका ह्या नको."

"कित्याक नको?"

"कित्याक म्हणान इचारतंस? एक आसा ता पुरे नाय? माझ्यान आणखी एक असां होवचा नाय."

मी पाटी खाली ठेवली. त्या दिवशी बाजाराला गेले नाही. आम्ही गोव्याच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, चारांतली एक शक्यता आजारी मुलाची, तीन शक्यता धडधाकट मुलाच्या. आता मुंबईत एक प्रयोगशाळा निघाली आहे, तिथे मूल पोटात असतानाच सांगतात. रक्ताच्या आत बारीक धागा असतो, त्याला डीएनए म्हणतात, त्या धाग्यावरच ती प्रत लिहिलेली असते, आणि तो धागा वाचता येतो. पण आधी घरच्यांचे धागे पाहावे लागतात. तुमच्या घरात बिघडलेली प्रत कशी दिसते आणि चांगली कशी दिसते हे कळलं, तरच पोटातल्या मुलाचं ताडून पाहता येतं. सगळ्यात गरजेचं रक्त आजारी मुलीचं. तेही तिला रक्त चढवायच्या आदल्या दिवशीच काढायचं, नाहीतर दुसऱ्याचं त्यात मिसळलेलं असतं.

सुनेला तेव्हा दोन महिने होत आले होते. अकराव्या आठवड्यात तिला स्वतःला मुंबईला जायचं होतं. त्याच्या आत आमचे धागे वाचून झाले पाहिजेत. म्हणजे नातीचं रक्त काढायला एकच दिवस हाती होता. तो चुकला तर तीन आठवडे गेले आणि सगळंच गेलं.

पाच बाटल्या भरायच्या होत्या: मुलगा, सून, नात, मी आणि माझा भाऊ. भाऊ यायला तयार नव्हता.

"माझ्या रगतात कायेक नाय," तो म्हणाला. "गोव्याचो डाक्टर चुकलो."

"तुझ्या रगतात नाय, तर तुझ्या चेडवाक खंयसून इला?"

"तुझ्या घरात जावन गावला आसात."

"लगीन झाल्यार रगात बदलता? मगे माझ्या घोवाचा माका कित्याक नाय गावला? तेचो सोभाव तरी बरो होतो."

माझ्या नवऱ्याचा विषय निघताच तो हसला आणि शर्टाची बाही वर करत माझ्यामागून आला.

मालवणातल्या आमच्या डॉक्टरांनी रक्त काढलं. बाटल्या मुंबईहून आल्या होत्या, छोट्या, काचेच्या, रबरी बुचाच्या. आत चिमूटभर पांढरी पूड होती, रक्त साकळू नये म्हणून. भावाने तोंड फिरवलं. नातीने आपला हात आपणच पुढे केला आणि सुईकडे बघत बसली.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, हे थंड राहिलं पाहिजे. उद्या दुपारच्या आत पोचलं पाहिजे."

"थंड ठेवायचं माझ्यावर सोडा," मी म्हटलं.

माझा धंदाच तो. लग्नाआधीपासून मी मासे विकत होते, नवरा गेल्यावर मुंबईला माल पाठवायला लागले. सुरमई, पापलेट, सरंगा. माझ्या खोक्यातला मासा मुंबईत उतरला की डोळा पाणीदार असायचा, व्यापारी माझं खोकं आधी उघडायचे. त्याला कारण होतं. नुसता बर्फ पाण्याच्या गोठणबिंदूपाशी थांबतो. त्यात शिरोड्याचं जाडं मीठ मिसळलं की तो आणखी खाली उतरतो. लांबच्या मालाला मी एक थर बर्फ, एक थर मीठ घालायची. शाळेत हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि मी चौथीच्या पुढे गेलेही नव्हते.

तेच मी रक्ताला केलं. लाकडी खोकं घेतलं, तळाला भुसा, त्यावर बर्फाचा चुरा आणि मीठ, पाच बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मधोमध, वरून पुन्हा बर्फ आणि मीठ. हात राखला नाही. आपली चार माणसं आणि एक पोर त्यात आहे म्हणून नेहमीपेक्षा मूठभर जास्तच टाकलं.

सून बघत होती. म्हणाली, "आत्ये, ह्या काय पापलेट आसा?"

"पापलेटापेक्षा नाजूक," मी म्हटलं.

मुलाला नातीबरोबर गोव्याला जायचं होतं, दुसऱ्या दिवशी रक्त चढवायला. म्हणून खोकं घेऊन मी गेले. एसटीत ते दोन पायांच्या मध्ये ठेवलं. बाजूचा माणूस म्हणाला, बाजार घेऊन चाललात वाटतं, तर मी हो म्हटलं. मुंबईत उतरले तेव्हा खोक्याला हात लावून पाहिला. बोटं बधिर झाली. मी खूश झाले.

प्रयोगशाळेत एक बाई होत्या, तिशीच्या, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, खोकं उघडलं, बर्फ बाजूला केला आणि पिशवी उचलली. त्यांनी पिशवी हलवली. आतलं काही हललं नाही. बाटल्यांमध्ये रक्ताचे खडे झाले होते. एका बाटलीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. कागदावरचं नाव मी वाचलं. नातीची.

"मावशी, बर्फात मीठ कोणी घातलं?"

"मी."

"का?"

"जास्त थंड राहतं."

"जास्तच राहिलं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं की थंड म्हणजे फ्रिजमधल्या दुधासारखं. गोठलं की रक्तातल्या पेशी फुटतात. मी पुढचं ऐकत नव्हते, मी दिवस मोजत होते. आज सकाळीच नातीला गोव्यात रक्त चढवलं असणार. आता तिच्या अंगात निम्मं रक्त कोणा परक्याचं. पुन्हा तीन आठवडे. तोवर सुनेचा अकरावा आठवडा मागे पडलेला. लग्न मी जुळवलं आणि त्यातून बाहेर पडायची एकच वाट होती तीही मीच बंद केली, तीसुद्धा माझ्या हुशारीने. कोणी मला त्या वेळी शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. कोणी घातल्या नाहीत. बाई बाटल्या घेऊन आत गेल्या आणि मी बाकावर बसून राहिले.

अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या.

"रक्त म्हणून हे गेलंच," त्या म्हणाल्या. "पण मला पेशी मोजायच्या नाहीत, मला आतला धागा हवाय. धागा बाहेर काढायला आम्ही पेशी मुद्दाम फोडतोच. ते काम तुम्ही आधीच करून आणलंत."

"फुटक्या बाटलीत मिठाचं पाणी गेलं असेल."

"जाऊ दे. मीठ आम्हीही घालतो. नातीचा खडा अख्खा निघाला, काच बाजूला केली मी."

"मग धागा चांगला आहे?"

"ते उद्या संध्याकाळी कळेल. गोठण्यात आणि वितळण्यात तो तुटला असेल तर उपयोग नाही. तुम्ही गावाला जा, मी पत्र टाकते."

मी गेले नाही. भायखळ्याला आमच्या गावातल्या एकांचं घर होतं, तिथे पडले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा त्या बाकावर जाऊन बसले. मला हाकलणं त्यांच्या जिवावर आलं असावं. चारच्या सुमाराला त्यांनी आत बोलावलं. एका नळीत पाण्यासारखं काहीतरी होतं, त्यात त्यांनी वरून हळूच स्पिरिट सोडलं. दोन्ही जिथे भेटले तिथे पांढरं काहीतरी तयार झालं, भिजल्या कापसाच्या तारेसारखं. त्यांनी काचेच्या काडीवर ते गुंडाळून वर उचललं.

"हे तुमचं," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. शेंबडासारखं दिसत होतं. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, सगळ्यांचं तसंच दिसतं, मंत्र्याचंसुद्धा.

"एवढं डोळ्यांना दिसतंय, मग आता काय राहिलं?"

"दिसतंय ते नुसतं ढिगाने. तुटलंय की नाही ते असं नाही कळत. त्याला रंग लावावा लागतो."

मग दिवेलागणीनंतर त्यांनी मला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. टेबलावर खरवसासारखी थलथलीत, पण काचेसारखी पारदर्शक वडी होती. तिच्या एका कडेला पाच खाचा केलेल्या, पाच जणांचे धागे त्यांत सोडलेले. धाग्याला चिकटणारा रंग आधीच लावून झाला होता. मला काही दिसत नव्हतं. त्यांनी मला डोळ्यांपुढे धरायला एक जाड प्लास्टिकची ढाल दिली आणि खालचा जांभळा दिवा लावला.

पाच रेघा पेटल्या. नारिंगी. निखाऱ्यावर फुंकर मारल्यावर दिसतो तो रंग. चार ठळक होत्या, एक फिकी. फिकी नातीची असणार हे मला न सांगता कळलं. बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"तुटला असता तर खाली लांबवर धूर पसरल्यासारखं दिसलं असतं," त्या शेवटी म्हणाल्या. "धूर नाहीये. पाचही रेघा जागच्या जागी आहेत. मावशी, धागा शाबूत आहे. नातीचा थोडा कमी आहे, पण पुरेल."

मी ढाल टेबलावर ठेवली. भिंतीला टेकले. मग तोंडाला येईल ते बोलायला लागले. सुटल्यासारखं वाटलं की मी बडबडते, ही माझी जुनी खोड.

"रंग लावल्याशिवाय तुम्हाला कळत नाही का?"

"नाही."

"मी मासा अंगठ्याने दाबते. खड्डा राहिला तर शिळा. आमच्यात कल्ल्यांना रंग लावतो तो लबाड."

त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्हालाही बिनरंगाचं कळलं तर हवंच आहे. हा रंग चांगला नाही, हाताला लागू द्यायचा नसतो, म्हणून हे मोजे. नुसता धागा एखाद्या पट्टीवर टेकवला आणि पट्टीने सांगितलं, आहे की नाही, असं काहीतरी व्हायला पाहिजे. परदेशात लोक मागे लागलेत त्याच्या. माझ्या हयातीत होईलही."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत रंग. आणि मिठाशिवाय बर्फ."

ही पेटलेली रेघ म्हणजे नुसता धागा आहे एवढंच सांगणारी होती. त्यावर काय लिहिलंय ते वाचायला पुढे आणखी सोपस्कार होते, एक्सरेसारखी फिल्म होती, कित्येक दिवसांचं काम होतं. मी गावाला परत आले. घरी मीठ घातल्याचं सांगितलं. सून म्हणाली, "माका वाटलाच होता." आणि ओझरतं का होईना, माझ्याकडे बघून म्हणाली, म्हणून मी उलट बोलले नाही.

अकराव्या आठवड्यात ती दोघं मुंबईला जाऊन आली. पोटातल्या मुलाच्या वारेचा कणभर तुकडा तिथल्या डॉक्टरांनी काढून घेतला. मग वाट बघणं सुरू झालं. माझ्या आयुष्यात मी होडीची वाट बघितली आहे, वादळातही बघितली आहे. ती वाट बघताना निदान समुद्र तरी समोर असतो. इथे समोर काहीच नव्हतं. सून कामं सगळी करायची, पण जेवताना ताटात बोटं फिरवत बसायची. तिने दिवस गेल्याचं कोणाला सांगितलं नव्हतं. लोकांना अर्थात कळलं होतं, आणि मुलगा की मुलगी हेही त्यांना हवं होतं.

मासळीबाजारात माझ्या बाजूला बसणारी बाई एक दिवस म्हणाली, "सुनेक मुंबैक घेवन गेलास म्हणे. झील काय चेडू ता बघूक?"

"नाय."

"लपवतंस कित्याक? सगळे बघतत आता."

"आमकां झील नको नि चेडू नको," मी म्हटलं. "आमकां रगात असलेला पोर व्हया. तुझ्याकडे आसा तर दी."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला तेवढीच शांतता.

आमच्याकडे टेलिफोन नव्हता. बर्फाच्या कारखान्यात होता, आणि मी रोज सकाळी तिथे जायचीच, म्हणून मुंबईच्या बाईंना तोच नंबर दिला होता. सकाळी सात ते आठ मी तिथे असते, असंही सांगून ठेवलं होतं. सतरा दिवस कारखान्याचा मुनीम मला बघून नुसती मान हलवायचा. अठराव्या दिवशी मी लादी फोडून घेत होते तेव्हा त्याने आतून हाक मारली. यंत्राचा आवाज एवढा की मला एका कानात बोट घालावं लागलं.

"मावशी, ऐकू येतंय?"

"बोला."

"बाळात एकच प्रत बिघडलेली आहे. दुसरी चांगली आहे."

"म्हणजे नातीसारखं नाही?"

"नाही. तुमच्यासारखं."

मी म्हटलं, "परत सांगा." त्यांनी परत सांगितलं. जन्मल्यावर एकदा रक्त तपासून घ्या, असंही त्या म्हणाल्या. मी बरं म्हटलं. आभार मानायचे राहून गेले, फोन ठेवल्यावर ते लक्षात आलं. मुनीमाने विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, काही नाही झालं. खरं तेच होतं.

बर्फ तिथेच सोडून मी घरी चालत आले. वाटेत विचार केला की सुटका वाटतेय ती बाळासाठी की माझ्यासाठी. दोघांसाठी वाटत होती, आणि त्यात माझ्यासाठीची थोडी जास्त होती. मी तिला बाजूला ढकलली नाही.

सून अंगणात सुकटीतला कचरा निवडत होती, नात तिच्या पाठीला टेकून बसलेली. मी सांगितलं.

"परत सांग," सून म्हणाली.

"तेका अर्धाच आसा. माझ्यासारखा. तुझ्यासारखा."

"फोन तुया सोता घेतलंस?"

"मगे काय मुनीमान घेतल्यान?"

"परत सांग."

मी तिसऱ्यांदा सांगितलं. तिने हात झटकले, सुकटीचं सूप बाजूला सारलं आणि माझ्याकडे नीट, सरळ बघितलं. किती वर्षांनी.

"आत्ये," ती म्हणाली, "ह्या पोराचा लगीन तू जुळवचा नाय."

"नाय जुळवणार."

"आदी रगात तपासूचा, मगे लगीन."

"तूच तपास. मी मरान गेलेली आसतलय."

"तू खंय मरतंस," ती म्हणाली, आणि आत जाऊन चटईवर आडवी झाली. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते. मी दारातून डोकावले तर तिला झोप लागली होती, तोंड उघडं, एक हात पोटावर. गेल्या दोन महिन्यांत मी तिला असं झोपलेलं बघितलं नव्हतं. नात आत जायला निघाली. ती आईला उठवेल म्हणून मी तिला उचलून कडेवर घेतलं आणि बंदरावर लिलाव बघायला घेऊन गेले.